चारवर थांबलेली मोजणी

आमच्या इंजिनाचं वेळापत्रक कोंबड्या ठरवायच्या. नोकरीच्या मुलाखतीत मी हे सांगितलं तेव्हा समोरचे तिघंही हसले आणि मला त्यांचा राग आला. मला कशाचाही राग पटकन येतो. पण मी सांगत होते ते अक्षरशः खरं होतं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही रॉकेटचं इंजिन करायला घेतलं होतं. रॉकेट नव्हे, नुसतं इंजिन. दुधाच्या किटलीएवढं, लोखंडी चौकटीला आडवं जखडलेलं, कुठेही उडून न जाणारं. एका नळीतून ऑक्सिजन, दुसरीतून अल्कोहोल, आत ठिणगी आणि मागून पाच सेकंद ज्वाळा. त्या पाच सेकंदांत ते किती जोर लावतं हे मोजायचं. विद्यापीठाने ते बनवायला परवानगी दिली, आवारात पेटवायला दिली नाही. म्हणून आम्ही घोटावड्याला येऊन पडलो. तिथे डोंगराच्या पोटात एक बंद पडलेली दगडखाण होती. तिला तीन बाजूंनी उभा कातळ होता आणि चौथ्या बाजूने कच्चा रस्ता. ज्यांची खाण त्यांच्याच घरामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. त्यांना आम्ही काका म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मावशी. हे नातं कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं, पण त्या दोघांना चालत होतं.

अडचण होती ती खाणीपलीकडच्या पोल्ट्रीची. मोठा आवाज झाला की कोंबड्या घाबरून शेडच्या एका कोपऱ्यात धावतात, एकमेकींच्या अंगावर चढतात आणि खालच्या गुदमरून मरतात. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाखरं आत असली तर एक फटाका बी वाजवायचा न्हाई." त्यामुळे एक बॅच उचलून नेली, शेड धुऊन चुना मारला आणि नवी पिल्लं यायची राहिली, की मधल्या आठवड्याभरात आमची चाचणी. मग पुन्हा दीड-दोन महिने थांबायचं. थांबणं हा प्रकार मला जन्मात जमलेला नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालायची, पेनाची टोपणं चावायची, दिवसातून दोनदा पोल्ट्रीच्या रस्त्याने जाऊन कोंबड्या किती मोठ्या झाल्या ते बघून यायची.

पहिल्या खेपेला ठिणगीच पडली नाही. दुसऱ्या खेपेला अल्कोहोलची नळी गळायला लागली. तिसरी खेप आली तेव्हा परीक्षा संपली होती, ऊन मी म्हणत होतं, आणि पंधरा दिवसांनी मला नोकरीवर बंगळूरला हजर व्हायचं होतं. म्हणजे हीच शेवटची. पुढच्या बॅचच्या वेळी मी इथे असणार नव्हते. दोन वर्षं जे डोक्यात घेऊन झोपत होते, ते पेटलेलं मला याच आठवड्यात दिसणार होतं किंवा कधीच नाही.

सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. फोटो काढायचा असला की अकरा. शेवटी उरलो तिघं. काही जण नोकऱ्यांच्या मागे लागले, काही माझ्या तोंडाला कंटाळले. त्यांना दोष देत नाही. उरलेल्यांपैकी एक माझी खोलीतली मैत्रीण. ती लॅपटॉपवर दाबाचे आणि जोराचे आकडे बघायची. ती शांत होती, कानात इअरफोन घालून बसायची, त्यामुळे टिकली. दुसरा जांबे गावचा एक मुलगा. त्याच्या घरच्यांनी शेतातल्या चाळीत आयटीवाल्यांना खोल्या दिलेल्या होत्या आणि त्या सगळ्या खोल्यांच्या नळदुरुस्तीत तो लहानपणापासून मुरलेला होता. त्यामुळे इंजिनाच्या नळ्या, व्हॉल्व्ह, जोड हे सगळं त्याच्याकडे होतं. त्याने आवळलेला जोड गळत नसे. तो बोलायचा कमी. मी ओरडले की अजून कमी.

इथे ऑक्सिजनबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जास्त दाबाच्या ऑक्सिजनला तेल चालत नाही. ग्रीस नाही, लोणी नाही, बोटाला लागलेला तेलकटपणासुद्धा नाही. नळीत तेलाचा अंश राहिला आणि ऑक्सिजन जोरात सुटला, तर ठिणगी न लावताही आतल्या आत आग लागू शकते आणि धातू फुटतो. दर वेळी होतंच असं नाही. होत नाही तोवर होत नाही. म्हणून ऑक्सिजनला भिडणारा प्रत्येक भाग साबणाच्या गरम पाण्याने, मग शुद्ध पाण्याने, मग अल्कोहोलने धुवायचा, वाळवायचा आणि स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवायचा.

हिवाळ्यात एकदा त्या जांब्याच्या मुलाने वडापाव खाल्लेल्या हाताने त्या डब्यातला एक जोड उचलला. मी ते पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आख्ख्या कार्यशाळेसमोर, मशीनवरचे मामासुद्धा काम थांबवून बघत होते, मी त्याला नाही नाही ते बोलले. शेवटी म्हणाले, "तुझ्यामुळे एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल." त्याचे कान लाल झाले. त्याने डब्यातले सगळे भाग पुन्हा धुतले. मी समोर स्टूलवर बसून राहिले, मदत केली नाही. त्याच दिवशी मी नियम काढला: डबा उघडण्याआधी दुसऱ्याने विचारायचं, "हात?" आणि पहिल्याने दोन्ही पंजे उलटेसुलटे करून दाखवायचे. शाळेत प्रार्थनेनंतर नखं तपासायचे तसे. दुसऱ्याने बघून "हं" म्हटल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. नियम छान होता. मला त्याचा अभिमान होता.

तर तिसरी खेप. चाचणीचा दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे पिल्लांची गाडी येणार होती, त्यामुळे जे काही व्हायचं ते आजच. आमचे मार्गदर्शक सर अकरा वाजता बावधनहून निघणार होते. ते हजर असल्याशिवाय पेटवायचं नाही, ही विद्यापीठाची अट. चारला त्यांना परत निघायचं होतं. सकाळी नऊला सगळी तयारी झाली आणि मला करायला काही उरलं नाही. तेच वाईट. मी मावशींच्या ओट्यावर इकडून तिकडे चालत होते.

"किती फिरतीयास गं? फरशी झिजंल माजी," मावशी म्हणाल्या.

"बसवत नाही मावशी."

"हितं ये. बघ, डोकं कसं तव्यावानी तापलंय. तेल घालते."

"आज नको. वेळ नाही."

"येळ न्हाई म्हनं. मगापास्नं नुसती वाऱ्यावर हिंडतीया. पाच मिन्टं लागत्यात. बस."

मी बसले. दोन वर्षांत त्या बाईंनी मला कितीतरी वेळा जेवायला वाढलं होतं. त्यांना नाही म्हणणं मला जमत नसे. त्यांनी वाटीतलं खोबरेल टाळूवर ओतलं आणि बोटांनी असं काही रगडलं की माझे डोळे मिटले. त्या आठवड्यात पहिल्यांदा माझा पाय हलायचा थांबला. मग त्यांनी घट्ट वेणी घातली आणि म्हणाल्या, "जा आता. काय फोडायचं ती फोड."

खाणीवर पोचले आणि ऑक्सिजनच्या जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं, तर बारीक बुडबुडे. गळती. जोड उघडून आतली चकती बदलून परत बसवणं आलं. दहा मिनिटांचं काम. तो सिलिंडरपाशी दाब बघत होता, म्हणून मीच बसले. हातमोज्यांच्या पाकिटात शेवटची जोडी होती. ती घालताना अंगठ्याशी फाटली. मी दोन्ही मोजे फेकून दिले. सर पोचायची वेळ झाली होती. मी कपाळावर आलेले केस मागे सारले. संतापले की मी केस मागे सारते, हे मला आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

तो मागे येऊन उभा राहिला. "हात?"

"धुतलेत."

तो तसाच उभा.

"सकाळपासून किती वेळा धुवू? सर येतायत. बाजूला हो, उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. मी डबा उघडला, चकती बसवली, जोड आवळला. बुडबुडे थांबले.

त्यानंतर तो विचित्र वागायला लागला. आम्ही जिथे लॅपटॉप आणि पेटवायचं बटण घेऊन बसायचो त्या टेबलापुढे वाळूच्या पोत्यांची एक भिंत होती, तिच्यावर तो आणखी पोती रचायला लागला. एकटाच, टळटळीत उन्हात, खांद्यावरून वाहून आणून. मग म्हणाला, टेबल मागे घेऊ, कातळाच्या कोपऱ्याआड. मी म्हटलं, केबल पुरणार नाही. तो म्हणाला, माझ्याकडे जास्तीची आहे, जोडतो. मी म्हटलं, दोन वर्षं हे टेबल इथेच आहे आणि तुला आज सुचतंय? माझ्या मैत्रिणीने कानातला इअरफोन काढून आमच्याकडे पाहिलं आणि परत घातला. त्याने केबल जोडली आणि टेबल मागे नेलं. अर्धा तास गेला. मी दात ओठ खात होते. सर आले, त्यांनी कोपरा पाहिला आणि म्हणाले, "हे चांगलं केलंत." त्यावरही मी चिडले.

दोन वाजता सगळं जुळून आलं. काकांनी रस्त्याच्या तोंडाशी बैलगाडीचं जू आडवं टाकून वाट बंद केली होती आणि तिथे स्वतः उभे होते. मोजणी मी करायची, कारण माझा आवाज मोठा. आम्ही मराठीत मोजायचो, भोंग्यावरून, कारण काकांची तशी मागणी होती: पलीकडच्या रानात कुणी असलं तर त्याला कळायला पाहिजे.

"दहा," मी म्हणाले. आवाज कातळावर आपटून परत आला. "नऊ."

सातला मैत्रिणीने अंगठा वर केला, सगळे आकडे बरोबर. सहा. कपाळावर घाम ओघळला म्हणून मी भोंगा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने केस मागे सारले. पाच. हात नाकावरून खाली आला.

खोबरेलचा वास.

"चार," मी म्हणाले, आणि गप्प झाले.

तो बटणावर बोट ठेवून बसला होता, माझ्याकडे बघत. मला त्या जोडापाशी वाकलेली मी दिसत होते. मागे सारलेले केस. उघडी बोटं. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, डोक्यात दुसरा हिशेबही चालू होता: सगळे आडोशाला आहेत, बहुतेक वेळा काही होत नाही, तीन आकडे उरलेत, आणि उद्या पहाटे पिल्लं.

"थांबा," मी म्हणाले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"दाब कमी दिसतोय."

"दाब बरोबर आहे," मैत्रीण म्हणाली.

"नाहीये बरोबर."

"अगं, बघ ना. एकदम बरोबर आहे."

मी स्क्रीनकडे पाहिलं. आकडा जिथे असायला हवा तिथेच होता. खोटं बोलायलाही मला धड जमत नव्हतं. मी भोंगा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मी जोड बसवला तेव्हा माझ्या हाताला तेल होतं. केसांचं. मी हात धुतले नव्हते."

सरांनी फक्त "ऑक्सिजन बंद करा, दाब सोडा" एवढं म्हटलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दाब सोडून, ठरलेला वेळ थांबून आम्ही ती सगळी नळी, व्हॉल्व्ह, जोड उतरवून मावशींच्या मोरीवर आणले. अडीच-पावणेतीन झाले असतील. भराभर केलं तर चारच्या आत होईल अशी एक वेडी आशा मला होती. मी पाणी गरम करत होते, तो घासत होता. जोड उघडल्यावर त्याने आतून पांढरं फडकं फिरवलं आणि उजेडात धरलं. आम्ही दोघांनी डोळे ताणून पाहिलं. फडकं पांढरंच होतं. अर्थात खोबरेलचा रंग फडक्यावर थोडाच दिसणार. तेल आत लागलं होतं की नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही माहीत नाही. या एका गोष्टीवर मी अजूनही रात्री कूस बदलत असते.

साडेतीनला शुद्ध पाणी संपलं. पिरंगुटहून आणायला मैत्रीण गाडीवर गेली. आता चार वाजायच्या आत काही होणार नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळलं होतं, पण तो घासत राहिला, म्हणून मीही घासत राहिले.

"सॉरी," मी म्हणाले. हा शब्द मी त्याला दोन वर्षांत पहिल्यांदा म्हटला असेन. "मी थांबवलं नसतं तर..."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तेलाचं. मी मागे उभा होतो ना. वास येत होता. तुझी बोटं चमकत होती."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मग कळलं. वाळूची पोती. टेबल. जास्तीची केबल.

"मग तू बोलला का नाहीस?"

त्याने जोड पालथा करून पाणी निथळू दिलं. "विचारलं ना. तू म्हणालीस धुतलेत."

"पण तुला दिसत होतं! तू बटणावर बोट ठेवून बसला होतास. तुला दिसत होतं आणि तू..." माझा आवाज चढत होता, मावशी दारात आल्या होत्या, आणि मी चिडत होते. त्याही वेळी मी त्याच्यावर चिडतच होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जशी मोठं कुत्रं बांधलेल्या दारावरून जाताना माणसं बघतात, तसं.

"हे बघ," तो म्हणाला. "हे असं."

मी पुढचा व्हॉल्व्ह उचलला आणि घासायला लागले. मावशी आत गेल्या.

चारला सर गेले. पहाटे पिल्लांची गाडी आली. मी तोवर जागीच होते, तिचा हॉर्न ऐकला. पुढच्या आठवड्यात मी बंगळूरची गाडी पकडली. निघताना मावशींनी खोबरेलची बाटली पिशवीत घातली. आपल्या तेलाने काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यांना सांगण्यासारखं त्यात होतंच काय, तेल त्यांचं होतं, हात माझे होते.

पुढची बॅच उचलल्यावर एका दुपारी त्याचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "बोलू नकोस, नुसतं ऐक," आणि फोन खिशात टाकला असावा, कारण बराच वेळ कापडाची खसखस येत राहिली. त्याने दोन ज्युनिअर मुलं हाताखाली घेतली होती, ते मला माहीत होतं. त्यांच्यातलं कुणीतरी घाईत म्हणालं, "धुतलेत, धुतलेत."

"दाखव," त्याचा आवाज आला.

"अरे, आत्ताच धुतले."

"दाखव म्हटलं ना. सर, तुम्हीपण."

त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो ओरडत नव्हता. दोन वर्षं तो माझ्या शेजारी बसत होता आणि हा आवाज त्याच्याकडे होता. मी तो कधी बाहेर येऊ दिला नव्हता.

मग कुणीतरी मोजलं, आणि चारनंतर तीन म्हणालं. नंतरचे आकडे मी ऐकले नाहीत. आवाज आला तो फोनला पेलवला नाही, नुसती घरघर, जशी वाऱ्यात पत्र्याची शेड वाजते. पाच सेकंद. लोक ओरडत होते, मैत्रीण रडत होती की हसत होती कळेना. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते आणि रडत होते. आनंद होता, खूप होता, पण तेवढाच नव्हता.

"ऐकलंस का?" त्याने फोनवर येऊन विचारलं.

"ऐकलं," मी म्हणाले. "हात तपासलेले पण ऐकलं."

"तुझाच नियम आहे," तो म्हणाला.

तो फोन ठेवून मी जागेवर परतले तेव्हा माझ्या टेबलापाशी नव्याने रुजू झालेली एक मुलगी मी काढलेलं ड्रॉइंग घेऊन उभी होती. तिला काहीतरी विचारायचं होतं. माझे लाल डोळे बघून ती म्हणाली, "नंतर येते मॅडम, विशेष काही नाही," आणि मागे सरकली. तिच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी ओळखला, मोरीवर त्यानेही माझ्याकडे असंच पाहिलं होतं. मी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस. माझं काय चुकलंय ते दाखव."